बंद झालेले दार आणि माहितीपुस्तिका

यंत्रात नवा भाग बसविला की त्याच्या माहितीपुस्तिकेत नवे पान घालावे लागते, ही गोष्ट सर्वांना पटते. परंतु यंत्रातून एखादा भाग काढून टाकला तर पुस्तिकेचे काय करावयाचे, या प्रश्नाचा विचार फारसा होत नाही. त्या भागाविषयीचे पान फाडले की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. जी सोय वर्षानुवर्षे वापरात होती, तिचा उल्लेख केवळ तिच्यासाठी राखलेल्या पानावर नसतो. तो व्याख्यांत असतो, कोष्टकांत असतो, सूचनांत असतो आणि चित्रांतही असतो. शिवाय तो वाचकांच्या सवयीत असतो, आणि तेथून तो पान फाडून निघत नाही.

या प्रकरणात आपण याच प्रश्नाचा एका उदाहरणाच्या आधारे अभ्यास करू. हे उदाहरण संगणकाच्या क्षेत्रातील आहे. लिनक्स व त्यासारख्या कार्यप्रणालींवर संगणक सुरू करताच जी नाव व परवलीचा शब्द विचारणारी खिडकी दिसते, ती दाखविणाऱ्या आज्ञावलीस आपण प्रवेश-व्यवस्थापक म्हणू. अशा आज्ञावलींत पूर्वी दूरच्या यंत्रावर प्रवेश मिळवून देण्याची एक सोय असे. ती सोय आता मागे पडली आहे. काही आज्ञावलींतून ती गेली, तर काहींत तिचा पायाच काढून घेतला जात आहे. तिच्याबरोबर पुस्तिकेत काय बदलले पाहिजे आणि ते न बदलल्यास कोणाचे काय नुकसान होते, हे पाहणे बोधप्रद आहे.

प्रवेश-व्यवस्थापकाचे कार्य

संगणकावर एकाहून अधिक माणसे काम करीत असतील तर प्रत्येकाच्या फाइली, अधिकार व आवडीनिवडी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यासाठी यंत्रासमोर बसलेली व्यक्ती कोण आहे, हे प्रथम ठरले पाहिजे. प्रवेश-व्यवस्थापक हे काम करतो. तो पडद्यावर स्वागताची खिडकी मांडतो, नाव व परवलीचा शब्द घेतो, त्याची शहानिशा करवून घेतो आणि ती पटल्यावर त्या व्यक्तीचे सत्र सुरू करून देतो. सत्र संपले की पुन्हा स्वागताची खिडकी मांडतो. इमारतीच्या दारावरील पहारेकऱ्याची जी भूमिका, तीच याची.

या पहारेकऱ्याचा इतिहास एक्स विंडो सिस्टिम या चित्रमय प्रणालीशी जोडलेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ साली रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी तिची सुरुवात केली. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये तिची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली व तीच पुढे ‘एक्स-११’ या नावाने रूढ झाली. या प्रणालीचा पहिला प्रवेश-व्यवस्थापक, एक्सडीएम, कीथ पॅकार्ड यांनी लिहिला आणि तो १९८८ साली लोकांच्या हाती आला. पुढे १९९७ साली सुरू झालेल्या ग्नोम प्रकल्पासाठी मार्टिन पीटर्सन यांनी जीडीएम हा व्यवस्थापक लिहिला. आपल्या चर्चेत जीडीएमच्या पुस्तिकेची उदाहरणे वारंवार येतील, कारण ती पुस्तिका विस्तृत होती व दूरस्थ प्रवेशाचे विवेचन तिच्यात अनेक ठिकाणी विखुरलेले होते.

दूरच्या यंत्रावरील प्रवेश

एक्स प्रणालीचे एक वैशिष्ट्य प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे. तिच्यात पडदा, कळफलक व माऊस सांभाळणारा भाग वेगळा असतो आणि प्रत्यक्ष काम करणारी आज्ञावली वेगळी असते. ही दोन्ही एकाच यंत्रावर असली पाहिजेत असे नाही; त्यांच्यामध्ये नेटवर्कची तार असली तरी चालते. येथे नावांचा एक घोटाळाही होतो. आपण सामान्यतः दूर कोठेतरी असलेल्या मोठ्या यंत्राला सर्व्हर म्हणतो. एक्सच्या परिभाषेत मात्र आपल्या टेबलावरील पडदा सांभाळणाऱ्या भागालाच सर्व्हर म्हणतात, कारण पडद्याची सेवा तो पुरवितो. ही उलट परिभाषा ध्यानात न ठेवल्यास जुन्या पुस्तिकेतील अर्धी वाक्ये चुकीची वाटतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस शक्तिशाली संगणक फार महाग होते. म्हणून एक मोठा संगणक घ्यावयाचा आणि त्याला अनेक साधे पडदे जोडावयाचे, अशी व्यवस्था विद्यापीठांत व कार्यालयांत होऊ लागली. या साध्या यंत्रांना एक्स टर्मिनल म्हणत. त्यांच्याजवळ स्वतःची साठवण नसे. ते फक्त चित्र दाखवीत आणि कळा व माऊस यांच्या हालचाली मोठ्या संगणकाकडे पाठवीत. सुरुवातीला अडचण अशी होती की, मोठ्या संगणकावरील एक्सडीएमला प्रत्येक टर्मिनलचे नाव एका यादीत लिहून द्यावे लागे. एखाद्याने टर्मिनल बंद करून पुन्हा चालू केले, तर ही गोष्ट एक्सडीएमला नीट कळत नसे.

ही अडचण दूर करण्यासाठी १९८९ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या सुधारित वाटपात एक्सडीएमसीपी नावाचा संकेत समाविष्ट झाला. त्याचे नियमही पॅकार्ड यांनीच लिहिले. या संकेताने पुढाकार टर्मिनलकडे दिला. त्यातील संभाषण साधे आहे. टर्मिनल सुरू होताच विचारते, ‘मला प्रवेशाची खिडकी देण्यास कोणी तयार आहे काय?’ हा प्रश्न एका ठरावीक यंत्राला विचारता येतो किंवा नेटवर्कवरील सर्वांना एकदम उद्देशून विचारता येतो. तिसरी रीत अशी की, एका यंत्राला मध्यस्थ करून त्याच्याकडून इतरांची यादी मागवावयाची. जी यंत्रे तयार असतील ती ‘तयार आहे’ असे उत्तर देतात. जी नसतील ती नकार कळवितात. मग टर्मिनल त्यांपैकी एकाकडे रीतसर मागणी करते, ते यंत्र ती स्वीकारते आणि टर्मिनलच्या पडद्यावर आपली स्वागताची खिडकी आणून मांडते. पुढे टर्मिनल मधूनमधून ‘अजून आहात ना?’ असे विचारीत राहते, म्हणजे मोठे यंत्र बंद पडले तर ते कळते.

या संभाषणासाठी १७७ क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते. खिडकीचे प्रत्यक्ष चित्र मात्र दुसऱ्या मार्गाने, ६००० व त्यापुढील क्रमांकांच्या पोर्टांवरून, मोठ्या यंत्राकडून टर्मिनलकडे येते. म्हणजे एका बाजूस एक दार आणि दुसऱ्या बाजूस दुसरे दार, अशी दोन दारे उघडी ठेवावी लागतात. ही बारीक बाब पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

गरीब शाळांना या पद्धतीचा मोठा आधार झाला. १९९९ साली जिम मॅकक्विलन यांनी सुरू केलेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाने जुने, टाकून दिलेले संगणक टर्मिनल म्हणून वापरण्याची युक्ती सर्वत्र पोहोचविली आणि आरंभीच्या आवृत्त्यांत तिचा पाया एक्सडीएमसीपी हाच होता. तेव्हा ही सोय निरुपयोगी होती म्हणून गेली, असे कोणी समजू नये.

ही सोय मागे का पडली

पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. एक्सडीएमसीपीच्या काळात नेटवर्क म्हणजे एका इमारतीतील ओळखीच्या माणसांचे जाळे असे. त्यामुळे या मार्गाने जाणारा मजकूर कूटबद्ध केलेला नसतो. कोणते यंत्र कोणत्या पडद्याशी बोलू शकते, हे ठरविण्यासाठी एक गुप्त खूण वापरण्याची तरतूद आहे. परंतु प्रत्येक दाबलेली कळ तारेवरून उघडीच जाते. परवलीचा शब्दही याच कळांनी लिहिला जातो. त्याच नेटवर्कवर बसलेल्या जाणकाराला तो वाचता येतो. जीडीएमची जुनी पुस्तिका हा धोका स्पष्ट सांगत असे, ही तिच्या लेखकांच्या प्रामाणिकपणाची खूण होय.

दुसरे कारण असे की, अधिक सुरक्षित मार्ग उपलब्ध झाले. १९९५ साली फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी एसएसएच हा कूटबद्ध संपर्काचा मार्ग तयार केला आणि एक्सच्या खिडक्याही त्यातून नेता येऊ लागल्या. टर्मिनल सर्व्हर प्रकल्पानेही आपल्या पाचव्या आवृत्तीत एक्सडीएमसीपीऐवजी एसएसएचचा आधार घेतला.

तिसरे कारण पायाच बदलल्याचे आहे. २००८ साली क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी वेलँड या नव्या चित्रमय प्रणालीस आरंभ केला. तिच्या मूळ आराखड्यात, दूरच्या यंत्राने नेटवर्कवरून पडद्यावर चित्र काढावे, ही कल्पनाच नाही. केडीई प्रकल्पाच्या २०१४ मधील पाचव्या पिढीने आपला जुना व्यवस्थापक सोडून एसडीडीएम स्वीकारला. त्यात एक्सडीएमसीपीची सोय नाही. २०१५ च्या एक्स सर्व्हरने नेटवर्कवरील ६००० क्रमांकाचे दार आपणहून उघडणे थांबविले. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या मे २०२५ मधील दहाव्या आवृत्तीतून जुना एक्स सर्व्हरच वगळण्यात आला, आणि ग्नोमने सप्टेंबर २०२५ च्या ४९ व्या आवृत्तीत आपले एक्स-११ वरील सत्र मूळ मांडणीत बंद ठेवले. याच्या उलट, मार्च २०२४ च्या ४६ व्या आवृत्तीत ग्नोमने दूरस्थ प्रवेशाचा एक वेगळा मार्ग आणला. तो आरडीपी या संकेतावर चालतो. म्हणजे गरज तीच राहिली, मार्ग मात्र बदलला.

जुने पान कोणाला नडते

समजा, दिल्लीलगतच्या फरीदाबादमधील एका महाविद्यालयात संगणक-कक्ष आहे. भिंतीलगत वीस जुनी यंत्रे आहेत व कोपऱ्यात एक नवे, शक्तिशाली यंत्र आहे. कक्ष सांभाळणाऱ्या साहाय्यकाला जुन्या यंत्रांचा टर्मिनल म्हणून उपयोग करावयाचा आहे. ग्रंथालयातील एका पुस्तकात त्याला एक्सडीएमसीपीचे प्रकरण सापडते. आता तीन शक्यता संभवतात.

पहिली : नव्या यंत्रावरील आज्ञावलीत ती सोयच नाही. तो पुस्तकातल्याप्रमाणे ओळी लिहितो, यंत्र पुन्हा सुरू करतो, काहीही घडत नाही. निवडींच्या फाइलीतील अनोळखी ओळ अशा आज्ञावली बहुधा मुकाट्याने दुर्लक्षितात. चूक झाली असे कोणी सांगत नाही. साहाय्यकाचे दोन दिवस जातात आणि दोष आपलाच असावा, असे त्याला वाटते.

दुसरी : पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्याने १७७ व ६००० ही दोन्ही दारे संरक्षक भिंतीत उघडून ठेवली. पुढे सोय चालली नाही म्हणून त्याने प्रयत्न सोडला, परंतु उघडलेली दारे बंद करण्याचे कोणी सांगितलेच नाही. कारण पुस्तकात उघडण्याची कृती होती, मिटण्याची नव्हती.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी आहे. त्याला दूरस्थ प्रवेश नकोच आहे. पुस्तकात सल्ला आहे की, सुरक्षिततेसाठी दूरस्थ प्रवेश बंद ठेवावा व त्यासाठी अमुक ओळीत ‘नाही’ असे लिहावे. तो तसे लिहितो आणि निर्धास्त होतो. परंतु ती ओळ आता कोणी वाचतच नाही. आणि त्याच यंत्रावर एसएसएच किंवा आरडीपीचे नवे दार कदाचित उघडे आहे. सल्ला जेव्हा लिहिला गेला तेव्हा उत्तम होता. ज्या कळीवर तो बेतलेला होता ती कळच राहिली नाही, म्हणून तो घातक झाला. सोय काढल्यानंतर पुस्तिकेतील धोकादायक वाक्ये शोधताना आपण ‘हे करा’ अशा वाक्यांकडे पाहतो. ‘हे करू नका’ अशा वाक्यांकडेही तितक्याच काळजीने पाहिले पाहिजे.

उल्लेख कोठे कोठे असतात

जीडीएमच्या जुन्या पुस्तिकेचा विचार केल्यास दूरस्थ प्रवेशाचे उल्लेख पुढील ठिकाणी आढळत.

१. स्वतंत्र विभाग. एक्सडीएमसीपी म्हणजे काय, ते कसे सुरू करावे, याचे वर्णन. हा भाग चटकन दिसतो व चटकन वगळता येतो.

२. निवडींचे कोष्टक. एका वेळी किती दूरस्थ सत्रे चालू द्यावीत, उत्तराची वाट किती वेळ पाहावी, मध्यस्थ प्रश्न स्वीकारावेत की नाही, पोर्टचा क्रमांक कोणता, अशा अनेक ओळी तेथे होत्या. शिवाय सुरक्षिततेच्या वेगळ्या कोष्टकात, दूरून येणाऱ्या मुख्य प्रशासकास प्रवेश द्यावा काय, ही ओळ असे. पहिले कोष्टक वगळणारा संपादक ही दुसरी ओळ सहज विसरतो.

३. साहाय्यक आज्ञावली. उपलब्ध यंत्रांची यादी दाखवून त्यांतील एक निवडू देणारी छोटी खिडकी, स्वागताच्या खिडकीतील तिचा पर्याय, तसेच मांडणी बदलण्याच्या आज्ञावलीतील ‘दूरस्थ’ हे पान. यांची नावे पुस्तिकेच्या सूचीत व चित्रांत राहतात. चित्रातील शब्द शोधयंत्राला सापडत नाहीत. ते डोळ्यांनीच पाहावे लागतात.

४. सत्राच्या आरंभी व शेवटी चालणाऱ्या आज्ञांच्या फाइली. सत्र दूरचे असेल तर या फाइलींना दूरच्या यंत्राचे नाव एका चलात मिळत असे. दूरस्थ पडद्यांसाठी वेगळ्या नावाची फाइल ठेवण्याचीही मुभा होती. एखाद्या प्रशासकाने त्या फाइलीत महत्त्वाचे निर्बंध लिहून ठेवले असतील, तर सोय गेल्यावर ती फाइल कधीच चालणार नाही, आणि ती चालली नाही हेही त्याला कळणार नाही.

५. व्याख्या. ‘पडदा’ या शब्दाची व्याख्या करतानाच ‘स्थानिक किंवा दूरस्थ’ असे लिहिलेले असते. हे उल्लेख सर्वांत खोल असतात, कारण पुढील सर्व प्रकरणे या व्याख्येवर उभी असतात.

पाचव्या प्रकाराचे एक नमुन्याचे वाक्य घेऊ : ‘वापरणारा स्थानिक अथवा दूरस्थ पडद्यावरून प्रवेश करू शकतो, दोन्हींची व्यवस्था हाच व्यवस्थापक पाहतो.’ घाईचा संपादक यातून ‘अथवा दूरस्थ’ एवढे शब्द काढील. मग उरते : ‘वापरणारा स्थानिक पडद्यावरून प्रवेश करू शकतो, दोन्हींची व्यवस्था हाच व्यवस्थापक पाहतो.’ यातील ‘दोन्हींची’ हा शब्द निराधार झाला आहे. शिवाय ‘स्थानिक’ या शब्दालाही आता अर्थ उरलेला नाही. दूरस्थ असते तेव्हाच स्थानिक म्हणण्याचे प्रयोजन असते. तो शब्द ठेवला तर वाचक साहजिकच विचारील, की स्थानिक नसलेला पडदा कोणता? योग्य वाक्य असे होईल : ‘वापरणारा यंत्राला जोडलेल्या पडद्यावरून प्रवेश करतो.’ सारांश, शब्द काढणे पुरत नाही. वाक्य पुन्हा लिहावे लागते.

वगळताना काय सांगावे

आता प्रश्न असा की, सर्व उल्लेख काढून टाकल्यावर पुस्तिकेत या सोयीविषयी काहीच नसावे काय? वरवर पाहता पुस्तिका स्वच्छ होईल. परंतु फरीदाबादच्या त्या साहाय्यकाचा विचार करा. त्याच्या हातात जुने पुस्तक आहे. नव्या पुस्तिकेत तो एक्सडीएमसीपी हा शब्द शोधतो आणि त्याला काहीही सापडत नाही. ती सोय गेली, तिचे नाव बदलले, की लेखक ती लिहावयास विसरला, हे त्याला कसे कळावे? मौनाचा अर्थ वाचक आपापल्या परीने लावतो.

यासाठी वगळलेल्या सोयीची एक छोटी, स्पष्ट नोंद ठेवणे आवश्यक आहे. तिच्यात पाच गोष्टी असाव्यात : काय काढले, कोणत्या आवृत्तीपासून काढले, का काढले, त्याऐवजी काय वापरावे, आणि जुनी मांडणी असलेल्याने काय आवरून ठेवावे. नमुन्यादाखल :

‘एक्सडीएमसीपीद्वारे दूरस्थ प्रवेश या आवृत्तीपासून उपलब्ध नाही. या मार्गाने परवलीचे शब्द उघडपणे जात असत. दूरच्या यंत्रावर काम करावयाचे असल्यास एसएसएच अथवा दूरस्थ डेस्कटॉपची नवी सोय वापरावी. पूर्वी ही सोय सुरू केलेली असल्यास निवडींच्या फाइलीतील तिच्या ओळी काढाव्यात व संरक्षक भिंतीत १७७ आणि ६००० या पोर्टांसाठी दिलेली परवानगी रद्द करावी. दूरस्थ सत्रांसाठी लिहिलेल्या आज्ञांच्या फाइली आता चालणार नाहीत. त्यांतील निर्बंध आवश्यक असल्यास अन्यत्र लिहावेत.’

या मोजक्या वाक्यांनी वर सांगितलेल्या तिन्ही शक्यतांचे निवारण होते. कारण सांगण्याला विशेष महत्त्व आहे. कारण कळले नाही तर मनुष्य काढलेली सोय कोठून तरी परत मिळविण्याच्या मागे लागतो. कारण कळले तर त्याची गरज कशाने भागेल याचा तो विचार करतो. ही नोंद वाचकाच्या सवयीचा मान राखणारी असावी. जुन्या पद्धतीने काम करणारा माणूस अडाणी होता, असा सूर तिच्यात येऊ नये. २००८ साली जीडीएम नव्याने लिहिला गेला, तेव्हा मांडणी बदलण्याची जुनी आज्ञावली व इतर काही सोयी त्यात राहिल्या नाहीत आणि अनेक वापरणाऱ्यांची निराशा झाली. अशा वेळी पुस्तिका हीच लेखक व वापरणारा यांच्यामधील संवादाची जागा असते.

आपल्याकडील परंपरा

काढलेल्या गोष्टीची नोंद ठेवण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. सरकारी नियमपुस्तकांत बदल झाला की क्रमांक घातलेली शुद्धिपत्रे काढली जातात. अमुक परिच्छेदाऐवजी अमुक मजकूर वाचावा, अमुक नियम वगळावा, अशी त्यांची भाषा असते. दक्ष कारकून ते शुद्धिपत्र मूळ पानावर चिकटवितो व वगळलेल्या नियमावर रेघ मारून शुद्धिपत्राचा क्रमांक लिहितो. त्यामुळे नियम नाही हे कळते, तो कधीपासून नाही हेही कळते, आणि जुन्या प्रकरणाचा निकाल द्यावयाचा असेल तर रेघेखालचा नियम वाचताही येतो. ज्या फरीदाबादचे उदाहरण आपण घेतले तेथेही भारत सरकारचे मुद्रणालय होते. २०१७ साली केंद्र सरकारने आपल्या १७ मुद्रणालयांचे पाच मुद्रणालयांत विलीनीकरण करण्याचे ठरविले. त्या पाचांत नाशिकचे आहे, फरीदाबादचे नाही. छापण्याची जागा बदलली तरी शुद्धिपत्रामागील तत्त्व बदलत नाही.

आपल्या देशातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. त्यानंतरही एखाद्या कार्यालयाच्या नियमांत ‘तातडीच्या प्रसंगी तारेने कळवावे’ असे वाक्य उरले असेल, तर ते नुसते खोडून भागत नाही. तातडीचा प्रसंग राहतोच. तो आता कशाने कळवावा हे त्या जागी लिहावे लागते. दूरस्थ प्रवेशाचेही असेच आहे.

अनुवादित पुस्तिकेचा विशेष प्रश्न

इंग्रजीतील पुस्तिका सुधारली तरी मराठी पुस्तिका आपोआप सुधारत नाही. ग्नोमसारख्या प्रकल्पांत अनुवादाचे काम गेटटेक्स्ट नावाच्या साधनाने चालते. त्यात मूळ वाक्य व त्याचा अनुवाद अशा जोड्या असतात. मूळ वाक्यात थोडा बदल झाला की जुन्या अनुवादावर ‘संदिग्ध’ अशी खूण पडते व अनुवादकाने तपासेपर्यंत तो वापरला जात नाही. त्या जागी वाचकाला मूळ इंग्रजी वाक्य दिसते. मूळ वाक्यच नाहीसे झाले, तर त्याचा अनुवाद कालबाह्य म्हणून फाइलीच्या तळाशी जातो. मराठी पानात मध्येच इंग्रजी वाक्य आलेले पाहून वाचक खट्टू होतो. तरीही चुकीच्या मराठी वाक्यापेक्षा ते बरे, असा विवेक या व्यवस्थेत आहे.

परंतु या साधनालाही मर्यादा आहे. एक परिच्छेद वगळला गेला आणि त्याखालील ‘वरील दोन्ही मार्गांपैकी पहिला श्रेयस्कर’ हे वाक्य मुळात तसेच राहिले, तर साधनाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. अनुवाद निर्दोष ठरतो आणि अर्थ मात्र नष्ट होतो. असे वाक्य केवळ वाचणाऱ्या माणसालाच सापडते. अनुवादक हा पुष्कळदा पुस्तिकेचा सर्वांत सावकाश वाचणारा वाचक असतो. म्हणून असा दोष आढळल्यास त्याने आपल्या भाषेत परस्पर सारवासारव न करता मूळ लेखकांना कळवावे. म्हणजे सर्व भाषांतील पुस्तिका सुधारतील.

छापील पुस्तकाला तर अशी कोणतीच खूण नसते. ग्रंथालयातील प्रत वीस वर्षे तशीच राहते. म्हणून तंत्रविषयक पुस्तक लिहिणाऱ्याने व अनुवाद करणाऱ्याने प्रत्येक कृतीबरोबर आवृत्तीचा क्रमांक व वर्ष द्यावे. ‘हल्ली’, ‘नव्या आवृत्तीत’ असे शब्द छापले जाताच जुने होऊ लागतात. ‘२००८ च्या आवृत्तीत’ हे शब्द कधीही खोटे होत नाहीत.

सारांश

सोय काढून टाकणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम आहे. ती निघाली आहे हे वाचकाला कळविणे हे पुस्तिका लिहिणाऱ्याचे. दुसरे काम राहिले तर पहिले पूर्ण झाले असे म्हणता येत नाही, कारण कागदावर उरलेले दार पाहून माणसे ते उघडावयास जातात किंवा ते बंद केल्याच्या समाधानात राहतात. चांगली सुधारणा करताना स्वतंत्र विभागाबरोबर व्याख्या, कोष्टके, चित्रे व सूची तपासाव्या. उरलेली वाक्ये पुन्हा लिहावी. आणि काय गेले, केव्हा गेले, का गेले, त्याऐवजी काय आहे व काय आवरावयाचे आहे, हे थोडक्यात नोंदवावे.

स्वाध्याय

१. एक्सच्या परिभाषेत ‘सर्व्हर’ हा शब्द कोणत्या भागास लावतात? त्यामुळे जुनी पुस्तिका वाचताना कोणता गैरसमज संभवतो?

२. ‘दूरस्थ प्रवेश बंद ठेवावा’ हा सल्ला सोय काढल्यानंतर घातक का ठरू शकतो?

३. आपल्या कार्यालयातील किंवा घरातील एखाद्या यंत्राची पुस्तिका घ्या. आता उपलब्ध नसलेल्या सोयीचा अथवा सेवेचा तिच्यात कोठे कोठे उल्लेख आहे, याची यादी करा आणि तिच्यासाठी पाच मुद्द्यांची नोंद लिहा.